५६००एक्स ओव्हरक्लॉक करण्याआधी रॅमचा अडकलेला वेग सोडवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रायझन ५ ५६००एक्स, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२०० ची आठ-आठ जीबी रॅमची जोडी, प्रोसेसरच्या डब्यातच आलेला कूलर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). नाशिकच्या सिडकोत वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर थेट स्लॅब, एसी नाही. दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करता, रात्री गेम. कुठेतरी पाहिलं की सगळे कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर १.४ व्होल्ट देऊन चालवायचे आणि रॅम ४००० वर न्यायची. तसं केलंत, मशीन सुरूही झालं, पण एक्स्पोर्ट करताना अचानक बंद पडलं. आता सगळं पूर्ववत केलंय, तरी एक्स्पोर्ट रेंगाळतोच. तर हे ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, करावं का, आणि करायचं तर कुठपर्यंत? शिवाय दादाच्या आय५-१२४०० वर काही होईल का, हेही विचारलंय. ते शेवटी घेतो.

मी नाशिकरोडला कॉम्प्युटर जुळवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा मशीनमध्ये जे वारंवार दिसतं तेच तुमच्या स्क्रीनशॉटमध्येही आहे: टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग २४०० दाखवतोय. म्हणजे ज्या वेगासाठी तुम्ही पैसे मोजलेत, त्या वेगावर तुमची रॅम अजून चाललेलीच नाही. ४.७ गिगाहर्ट्झ हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाही. एक्स्पोर्ट लवकर व्हावा आणि नवरा-नवरीच्या आयुष्यात एकदाच होणारं चित्रीकरण मशीनच्या चुकीने खराब होऊ नये, हा खरा प्रश्न. या दोन्ही गोष्टी साधता येतात, पण वाट वेगळी आहे.

आधी रॅमबद्दल बोलू, कारण मोठा फायदा तिथेच पडून आहे. डब्यावर ३२०० लिहिलेलं असलं तरी मशीन पहिल्यांदा सुरू होताना रॅम सुरक्षित, ठरीव वेग घेते: कुठे २१३३, कुठे २४००, कुठे २६६६. ३२०० चा वेग स्टिकच्या आतल्या छोट्या चिपमध्ये प्रोफाइल म्हणून साठवलेला असतो आणि तो बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यात) जाऊन चालू करावा लागतो. इंटेलने त्याला एक्सएमपी नाव दिलं. एएमडीच्या बोर्डवर कंपनीनुसार तो डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी या नावानेही सापडतो. तो चालू केला की वेग, टायमिंग (रॅमला प्रतिसाद द्यायला लागणाऱ्या ठोक्यांचे आकडे) आणि १.३५ व्होल्ट हे तिन्ही एकदम लागू होतात. एरवी डीडीआर४ चं ठरीव व्होल्टेज १.२ असतं.

यातून नेमकं काय मिळतं? दोन वाहिन्यांवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन रस्त्यांवर) २४०० ला सेकंदाला ३८.४ जीबी माहिती जाऊ शकते, ३२०० ला ५१.२ जीबी. एखादी गोष्ट मागितल्यापासून मिळेपर्यंतचा उशीरही घटतो. हा उशीर ठोक्यांमध्ये सांगणारा आकडा म्हणजे सीएल. २४०० ला सीएल१७ असेल तर १७ ठोके म्हणजे साधारण १४ नॅनोसेकंद. ३२०० ला सीएल१६ असेल तर बरोबर १० नॅनोसेकंद. म्हणून नुसता सीएलचा आकडा बघून रॅम वेगवान की मंद हे ठरवू नका. ३६०० ची सीएल१८ आणि ३२०० ची सीएल१६ या दोघींचा हा उशीर सारखाच, १० नॅनोसेकंद.

रायझनमध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि तुम्ही ४००० च्या मागे का लागू नये हे तिच्यावरूनच कळतं. प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा जो रस्ता आहे, इन्फिनिटी फॅब्रिक, तो रॅमच्या ठोक्याला ठोका देऊन चालला तर उत्तम. ३२०० ची रॅम म्हणजे प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झचा ठोका (एका ठोक्यात ती दोनदा माहिती देते), फॅब्रिकही १६००. ३६०० ला दोन्ही १८००, आणि ५००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर तेवढं पेलतात. काही १९०० ही पेलतात. ४००० साठी २००० लागतात, ते फार थोड्यांना झेपतं. झेपलं नाही की बोर्ड रॅमचा कंट्रोलर अर्ध्या वेगावर आणतो आणि उशीर वाढतो. आकडा ४००० दिसतो, गेममधला अनुभव मात्र नीट लावलेल्या ३६०० पेक्षा वाईट. मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये मेमरीचा ठोका निम्मा दिसेल, ३२०० ला १६०० च्या आसपास; तो बघून घाबरू नका. तिथेच वाहिनी दुहेरी आहे का तेही पाहा. चार खाचांच्या बोर्डवर दोन स्टिक असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. एकमेकींना लागून बसवलेल्या स्टिक माझ्याकडे कायम येतात, आणि अशा मशीनचा मालक प्रोसेसर जुना झाला म्हणत असतो.

३२०० वरून ३६०० चा प्रयत्न करायला हरकत नाही, पण तो तुमच्या स्टिकमधल्या चिपवर अवलंबून आहे. एकाच नावाच्या डब्यात कंपन्या वेगवेगळ्या चिप घालतात, त्यामुळे दुसऱ्याच्या स्टिकवर चाललेले टायमिंग तुमच्यावर चालतील असं कोणीच सांगू शकत नाही. मी असं करतो: १८-२२-२२-४२ असे सैल टायमिंग, रॅमला १.४० व्होल्ट, फॅब्रिक १८००, आणि एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) १.१ च्या आसपास. हा शेवटचा आकडा 'ऑटो'वर सोडू नका, काही बोर्ड तो विनाकारण वर नेतात. या व्होल्टेजकडे दुर्लक्ष केलं की काय होतं हे २०२३ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी पाहिलं. नव्या ७००० मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाले, आणि त्यानंतर एएमडीने त्या मालिकेसाठी एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. तुमची मालिका वेगळी आहे, पण तिथेही आकडा स्वतः वाचायची सवय ठेवा.

चाचणीबद्दल मी हट्टी आहे, आणि त्याचं कारण तुमचं काम आहे. प्रोसेसर चुकला की मशीन बंद पडतं, निळा पडदा येतो, तुम्हाला कळतं. रॅम चुकली की पुष्कळदा काहीच होत नाही. दुकानाच्या खतावणीत कुणी रात्री येऊन एखादा आकडा बदलून जावा आणि वर्षअखेरीपर्यंत कुणाच्या लक्षात येऊ नये, तसा हा प्रकार. कार्डवरून हार्ड डिस्कवर कॉपी करताना फाइल रॅममधूनच जाते. एखादा बिट उलटला तरी कॉपी 'पूर्ण झाली' असंच दिसतं, आणि तुम्ही निर्धास्तपणे कार्ड पुसता. आठवड्याने टाइमलाइनवर सप्तपदीच्या मधोमध हिरवे चौकोन दिसतात. अशा फाइल घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि ‘हार्ड डिस्क खराब आहे का बघा’ म्हणतात. हार्ड डिस्क ठणठणीत असते. रॅमवर चाचणी लावली की पहिल्या तासात चुका दिसायला लागतात.

म्हणून रॅमचा वेग बदलल्यावर लगेच विंडोजमध्ये शिरू नका. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून मशीन सुरू करा. फुकट आवृत्तीतही चार फेऱ्या होतात. एकही चूक आली तर ती सेटिंग बाद. एवढ्याशा चुकीने काय होतंय, हा विचारच मनात आणू नका. त्यातून पार पडलं की विंडोजमध्ये टीएम५ किंवा ओसीसीटीची मेमरी चाचणी लावा, आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डवरही भार द्या. कार्डाची गरम हवा कॅबिनेटमध्ये रॅमवरूनच वर जाते, आणि रॅम तापली की चुका वाढतात. रॅममधली माहिती सतत ताजी करावी लागते. ८५ अंशांच्या वर ती दुप्पट वेळा ताजी करावी असा नियमच आहे, कारण उष्णतेत ती लवकर विरते.

आता नाशिकचं. कूलर हवा थंड करत नाही, प्रोसेसरची उष्णता खोलीच्या हवेत टाकतो. त्यामुळे प्रोसेसरचं तापमान नेहमी खोलीच्या वर अमुक इतकं, असं मोजायचं. डिसेंबरात खोली १८ अंशांवर असताना एक्स्पोर्टमध्ये प्रोसेसर ७० वर गेला, तर तो फरक ५२ चा. एप्रिलच्या शेवटी बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, स्लॅब दिवसभर तापलेला, खोली संध्याकाळीही ३६ च्या खाली येत नाही. तोच फरक धरला तर ८८. ५६००एक्सची मर्यादा ९५ आहे. आपल्या गावाला थंड हवेचं म्हणून नाव आहे, पण ओव्हरक्लॉकची सेटिंग रामकुंडावर हुडहुडी भरते त्या दिवसांत ठरवायची नसते. ती एप्रिल-मेमध्ये, दुपारी चार ते रात्री आठच्या मध्ये, पंखा नेहमीसारखा लावून तपासायची. हिवाळ्यात लावलेली मशीनं होळीनंतर एकेक करून परत येतात, हे मी दरवर्षी बघतो.

प्रोसेसरकडे येऊ. ओव्हरक्लॉकची ही जी ख्याती आहे ती जुन्या दिवसांची कमाई आहे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्यायचा, बस (प्रोसेसरचा वेग ज्यावरून ठरतो तो मूळ ठोका) ६६ वरून १०० वर न्यायची, आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा. पुढे क्यू६६०० आला. त्याची बस २६६ वरून ३३३ केली की २.४ चा ३ गिगाहर्ट्झ, तोही फारशी खटपट न करता. तेव्हा कंपन्या प्रत्येक प्रोसेसरमध्ये मोठी शिल्लक ठेवून तो विकायच्या. आज ती शिल्लक कारखान्यातच वापरून टाकलेली असते. तुमचा ५६००एक्स ३.७ चा म्हणून विकला जातो, पण एका कोअरवर तो स्वतःहून ४.६ पर्यंत जातो, आणि सगळ्या कोअरवर भार असताना तापमान, वीज आणि करंट बघून सेकंदात अनेकदा स्वतःचा वेग ठरवतो.

तुम्ही सगळ्या कोअरना ४.७ चा ठोक आकडा दिलात तेव्हा हे सगळं गणित बाजूला पडलं. हिशेब करून बघा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या पटीत वाढते. समजा भाराखाली तो स्वतः १.२ व्होल्टवर ४.४ ने चालत होता. १.४ व्होल्ट आणि ४.७ केल्यावर वेग सात टक्क्यांनी वाढला, आणि उष्णता सुमारे ४५ टक्क्यांनी. हे सगळं त्या छोट्या, नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या कूलरवर, तापलेल्या खोलीत. मशीन एकदम बंद पडणं हे बहुतेक वेळा उष्णतेचं किंवा वीजपुरवठ्याचं लक्षण असतं, आणि तुमच्या बाबतीत दोन्ही शक्य आहेत, कारण स्वस्त बी४५० बोर्डांवर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर हीटसिंक नावापुरताच असतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो: हलक्या कामात, एकाच कोअरवर, बोर्ड १.४ च्या वर व्होल्ट दाखवत असेल तर ते नेहमीचं आहे. तेव्हा करंट कमी असतो. सगळ्या कोअरवर तासन् तास तेवढं व्होल्टेज हे वेगळं प्रकरण. करंट आणि उष्णता मिळून चिपच्या आतल्या सूक्ष्म तारा झिजवतात. सतत भार असेल तर मी स्वतः १.३ च्या वर जात नाही.

मग काहीच करायचं नाही का? करायचं, पण उलट दिशेने. व्होल्टेज वाढवण्याऐवजी कमी करायचं. बायोस अद्ययावत असेल तर पीबीओच्या (एएमडीची वेगाच्या मर्यादा सैल करणारी सोय) आत कर्व्ह ऑप्टिमायझर सापडेल. तिथे 'निगेटिव्ह' निवडून सर्व कोअरना १० द्या. एकेक पायरी म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्टची कपात. व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून प्रोसेसर त्याच्या ठरीव ७६ वॅटच्या मर्यादेतच स्वतःहून जास्त वेग गाठतो. एका कोअरचा ४.६ जातही नाही, ठोक आकडा देण्यात तोही गमवावा लागतो. १० वर काही दिवस काढा, मग १५, मग २०. काही प्रोसेसर ३० झेलतात, काही १५ लाच हात टेकतात. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर सारखे निघत नाहीत, इथे दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. सगळ्यात चांगले दोन कोअर सहसा कमी कपात सोसतात, कारण कारखान्यानेच त्यांना काठावर आणून ठेवलेलं असतं.

यातली फसवी बाब अशी की सेटिंग जास्त झाली तर मशीन भाराखाली पडत नाही. सिनेबेंच ही भाराची चाचणी तासभर छान चालते, आणि रात्री मशीन नुसतं उभं असताना, गाणं लावलेलं असताना, अचानक रिस्टार्ट होतं. कारण हलक्या कामातच एखादा कोअर सर्वोच्च वेगावर उडी मारतो. म्हणून एकेका कोअरला आळीपाळीने ताण देणारा कोअरसायक्लर रात्रभर लावा. सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी बघा. डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणारा विंडोजचा भाग) १८ क्रमांकाची नोंद रिस्टार्टसोबत दिसली तर कर्व्हची कपात जास्त झाली आहे, असं मी धरतो. १९ क्रमांकाच्या नोंदी दिसू लागल्या तर आधी फॅब्रिकचा वेग खाली आणतो.

क्रम चुकवू नका: आधी कूलर बदला, मग रॅमचं प्रोफाइल आणि तिची चाचणी, ते पक्कं झाल्यावर कर्व्ह. एका वेळी एकच बदल, नाहीतर बिघडलं काय हे शोधता येत नाही. कूलर म्हणजे १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर, चार हीटपाइपचा, एवढंच. पाण्याच्या कूलरची तुम्हाला गरज नाही. कॅबिनेटचा पुढचा पंखा हवा आत घेतोय आणि मागचा बाहेर टाकतोय ना, हे उदबत्तीच्या धुराने बघता येतं. सिडको-अंबडच्या बाजूला धूळ फार, तेव्हा जाळी महिन्यातून एकदा झाडा.

वीज. ४५० वॅट तुमच्या जोडणीला पुरतात, पण एसएमपीएस नाव नसलेला असेल तर ओव्हरक्लॉकचा विचारच सोडा. घराची अर्थिंग तपासून घ्या. बायोस अपडेट मात्र यूपीएसवरच, आणि मे महिन्यात वळवाचे ढग जमलेले असताना तर नाहीच. अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड दगड होऊन बसतो.

सेटिंग चुकून पडद्यावर काहीच आलं नाही तर घाबरू नका. मशीन बंद करा, वायर काढा, बोर्डवरचे क्लिअर सीमॉसचे दोन पिन थोडा वेळ जोडा. ते सापडले नाहीत तर गोल सेल, सीआर२०३२, काही मिनिटं काढून ठेवा. सगळं मूळ पदावर येतं. त्यामुळे आधीच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वॉरंटीबद्दल लोक गप्प राहतात, म्हणून स्पष्ट सांगतो. एएमडीच्या अटींनुसार पीबीओ वापरून ठरीव मर्यादेबाहेर चालवणंसुद्धा वॉरंटीबाहेर आहे, जरी ती सोय त्यांनीच दिलेली असली तरी. प्रोसेसर वॉरंटीत असेल तर हे ठरवून करा.

आता तुमचं मूळ दुखणं, एक्स्पोर्ट. वर सांगितलेलं सगळं केलंत तरी प्रोसेसरकडून काही टक्केच मिळतील. पण तुमच्या १६६० सुपरमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग आहे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टच्या जागी हार्डवेअर एन्कोडिंग निवडलंय का ते बघा. ते बंद असेल तर चालू केल्यावर पडणारा फरक कुठलाही ओव्हरक्लॉक देणार नाही. दुसरं, कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) चित्रित करत असेल तर ते उलगडणं या कार्डाला जमत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. तिथे प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, बनवून काम करा. तिसरं, एडिट करताना टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी भरलेली दिसली तर मशीन रॅमचं काम एसएसडीवर ढकलतंय, आणि तिथे २४०० काय नि ३६०० काय. अशा वेळी रॅम वाढवा. शक्यतो १६-१६ ची नवी जोडी घ्या. जुन्या दोनात नव्या दोन घातल्या तर चार स्टिकचा भार कंट्रोलरवर पडतो. चार स्टिकसाठी एएमडीचा अधिकृत वेगच स्टिकच्या प्रकारानुसार २९३३ किंवा २६६७ आहे. त्याहून जास्त मिळालं तर तुमचं नशीब.

दादाच्या मशीनचं उत्तर छोटं आहे. आय५-१२४०० च्या नावात 'के' नाही, म्हणजे त्याचा गुणक (वेग ठरवणारा आकडा) कुलूपबंद आहे, तो बदलता येत नाही. बोर्ड एच६१० आहे, त्यावर मेमरीही ओव्हरक्लॉक होत नाही. रॅम डीडीआर४ असेल तर ती ३२०० वर चालतेय का एवढं तपासा आणि सोडून द्या. मात्र त्याच बोर्डवर पुढे १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय७ वा आय९ बसवायचा विचार असेल तर नवा प्रोसेसर लावण्याआधी, १२४०० वरच, बायोस अपडेट करून घ्या. त्या पिढ्यांमध्ये प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून कायमचे कमजोर होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या दुरुस्त्या) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जो प्रोसेसर आधीच झिजलाय तो अपडेटने सुधारत नाही, तेव्हा त्यातला जुना, वापरलेला प्रोसेसर स्वस्त मिळतोय म्हणून बिलाशिवाय घेऊ नका.